लेबनीज बेली डान्सचा पोशाख शिवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी इजिप्शियन पद्धतीचा बेली डान्स शिकतेय आणि आता लेबनीज शैलीची नर्तकी नादिया गमाल हिच्या धाटणीचा दरबुका सोलो (नुसत्या दरबुका ढोलकीवरचा एकटीचा नाच) बसवायचाय. तीच ती, १९६८ साली लेबनॉनमधल्या बालबेकच्या महोत्सवात नाचलेली. इजिप्तमध्ये कमरेचं काम बारीक, जागच्या जागी. बैरूतकडे छाती ताठ, पावलं मोठी, अख्खा रंगमंच वापरायचा, मधूनच दबक्याचा (तिकडच्या पाय आपटत करायच्या लोकनृत्याचा) ठेका. ते जमेल हळूहळू. घोडं अडलंय कपड्यांवर.

लेबनीज नर्तकी बरेचदा उंच टाचांवर नाचतात, स्कर्टला मांडीपर्यंत चीर असते. मी हील्स घालून शिमी (कंबर झपाझप थरथरवणं) केली की गुडघे आखडतात, आणि गिरकीत स्कर्टचा घोळ टाचेत अडकतो. माप हील घालूनच घ्यायचं ना? घोळ जमिनीपासून किती वर ठेवता? मण्यांचा पट्टाही घसरतो. आतून इलॅस्टिक लावू की हुक?

शिवाय पोटावर अंगाच्या रंगाची जाळी लावली तर चालेल का? ती इजिप्तची पद्धत, लेबनॉनमध्ये तशी सक्ती नाही, ठाऊक आहे. पण प्रेक्षकांत सासूबाई असणार!

आयते सेट सुचवू नका, तेवढं बजेट नाही. स्वतः शिवलेल्यांनी आतल्या बाजूचे फोटो टाकले तर फार बरं होईल.