दाराला ताबा नोटीस चिकटवून गेलेत, घर लगेच सोडावं लागणार का?

उंबरठा७९
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. घर मिस्टरांच्या आणि माझ्या दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांचं. मिस्टरांचं काम बंद पडलं आणि मागच्या वर्षी हप्ते थकले, मग जसं जमेल तसं दोन महिन्यांतून एखादा हप्ता भरत राहिलो, मला वाटायचं आपण भरतोय ना थोडं थोडं मग बँक काही करणार नाही. चार महिन्यांपूर्वी रजिस्टर एडीने एक जाड पाकीट आलं होतं, १३(२) असं काहीतरी लिहिलेलं, ६० दिवसांत सगळे २३ लाख भरा म्हणून. मिस्टर शाखेत जाऊन आले आणि नंतर ते पाकीट कपाटात गेलं ते गेलंच.
आता गेल्या गुरुवारी दुपारी बँकेची दोन माणसं आली, बेल वाजवली, दाराला कागद चिकटवला, मोबाईलवर दाराचा फोटो काढला आणि निघून गेली. सासूबाई एकट्या घरी होत्या, त्यांचं वय ७८. मी संध्याकाळी आले तेव्हा समोरच्या घरातली मुलं तो कागद वाचत उभी होती. सोमवारी पेपरात पण आलं, नावासकट. आता फोन येतात की ८ दिवसांत घर खाली करा नाहीतर पोलीस घेऊन येऊन सामान रस्त्यावर ठेवू. कालचा फोन रात्री साडेनऊला होता. सासूबाईंनी तर देवाचे टाक सुद्धा कापडात बांधून ठेवलेत.
खरंच ८ दिवसांत जावं लागतं का? फ्लॅटची किंमत कर्जाच्या दुपटीच्या आसपास तरी आहे. काहीच करता येत नाही का? प्लीज कोणाला माहिती असेल तर सांगा.

निवृत्त_कर्जखाते
ताई, आधी सासूबाईंना सांगा टाक परत देव्हाऱ्यात ठेवायला. दाराला जो कागद लागलाय तो सिम्बॉलिक पझेशनचा आहे, म्हणजे कागदोपत्री ताबा. त्याने तुमचा घरात राहण्याचा हक्क त्या दिवशी संपत नाही. मी बँकेत वसुली विभागात बरीच वर्षं काढलीत, असे कागद मीही चिकटवलेत, म्हणून सांगतो.
क्रम असा असतो. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँक ते थकीत खातं धरते. मग सरफेसी कायद्याखाली (२००२ चा, बँकेला कोर्टात दावा न टाकता गहाण घरातून वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. ती मुदत गेली की १३(४) खाली ताबा नोटीस, जी दाराला लावायची आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुम्ही आत्ता इथे आहात. तुम्ही स्वतःहून ताबा दिला नाही तर माणसांना घराबाहेर काढायला बँक साधारणपणे कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करते. त्या अर्जावर ३० दिवसांत ऑर्डर द्यायची असते, कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस, आणि प्रत्यक्षात याहून जास्तही लागतात. मग तहसील ऑफिसचा माणूस किंवा कोर्ट कमिशनर पोलीस बंदोबस्तात येतो. फोनवरचा पोरगा पोलीस घेऊन येतो म्हणतो ते त्याच्या हातात नाहीये, ऑर्डरशिवाय तो तुमच्या घरातली बादली सुद्धा उचलू शकत नाही.
आणि वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेचं सर्क्युलर आहे २०२२ चं. साडेनऊच्या फोनचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा.
एक विचारतो, मिस्टर शाखेत गेले तेव्हा लेखी काही दिलं होतं का?

गल्ली_नं_४
सरळ दिवाणी कोर्टात जा आणि स्टे आणा. नाहीतर ओळखीतल्या कोणाच्या तरी नावाने मागच्या तारखेचा भाडेकरार करून ठेवा, भाडेकरू असला की बँक हात लावत नाही. आमच्या ओळखीत केलंय एकाने.

काळा_कोट
वरचा सल्ला कृपा करून कोणी पाळू नका. सरफेसीच्या कलम ३४ ने दिवाणी कोर्टाला या बाबतीत हातच घालता येत नाही, फी भरून दावा टाकाल आणि तोवर खरी मुदत निघून जाईल. भाडेकरार तर त्याहून वाईट. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही, तसं कलम १३(१३) सांगतं. मागची तारीख टाकलेला स्टॅम्प पेपर हा बनावट दस्त झाला, मग कर्जाचं प्रकरण राहील बाजूला आणि पोलिसांचं सुरू होईल. जो खरा भाडेकरू आहे, गहाणखताच्या आधीपासूनचा, रजिस्टर कराराचा, त्याला कलम १७(४ए) खाली स्वतः डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, बाजू मांडता येते, पण तो वेगळा विषय.
ताई, तुमचा दरवाजा डीआरटीचा आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगरला आहेत, तुमचा जिल्हा कुठल्यात येतो ते बघा. ताबा नोटिशीपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करायचा, आम्ही त्याला एसए म्हणतो. आज कॅलेंडर घ्या आणि गुरुवारपासून ४५ मोजून त्या तारखेला गोल करा. त्या तारखेनंतर माझ्याकडे येणारे लोक बघून मला फार वाईट वाटतं कारण दहातल्या पाच जणांची केस चांगली असते आणि तारीख गेलेली असते.
फीचं विचाराल तर पहिल्या १० लाखांचे ५ हजार आणि त्यावर प्रत्येक लाखाला २५० रुपये, म्हणजे तुमच्या २३ लाखांना ८,२५० रुपये, वकिलाची फी वेगळी. पहिल्या अर्जाला थकबाकीतली कुठलीही रक्कम भरायची कायद्याने सक्ती नाही. पूर्वी ७५ टक्के भरायची अट होती, ती सुप्रीम कोर्टाने मार्डिया केमिकल्सच्या निकालात २००४ ला रद्द केली. पण खरं सांगायचं तर स्टे मागताना कोर्ट विचारतंच की किती भरताय, त्यामुळे नातेवाइकांकडून, सोन्यावर, जे काय जमेल ते हाताशी ठेवून जा. रिकाम्या हाताने गेलेल्याला स्टे मिळणं अवघड जातं. आणि इथे हरलात तर वरच्या अपिलाला कर्जदाराला ५० टक्के भरावे लागतात, कमी केले तरी २५ च्या खाली नाही, म्हणून पहिलाच अर्ज नीट करा.
बँकेने कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय स्टे देऊ नका असा अर्ज) टाकलेलं असू शकतं, तेही वकिलाला बघायला सांगा.

उंबरठा७९
खूप खूप आभार सगळ्यांचे. तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं. @निवृत्त_कर्जखाते, मिस्टरांना विचारलं, हो, त्यांनी तेव्हा हाताने अर्ज लिहून दिला होता की काम बंद आहे, ६ महिने मुदत द्या, आणि नोटिशीत पीनल (दंडाचं) व्याज चुकीचं लावलंय असं पण लिहिलेलं. त्याची झेरॉक्स आहे, त्यावर शाखेचा जांभळा गोल शिक्का आहे आणि तारीख, नोटीस आल्यापासून अकराव्या दिवसाची. बँकेकडून त्याला काहीच उत्तर आलं नाही. याचा काही उपयोग आहे का?

निवृत्त_कर्जखाते
ताई, तो कागद आत्ता उठून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तो तुमच्याकडचा सगळ्यात वजनदार कागद आहे. १३(२) च्या नोटिशीवर कर्जदाराने हरकत घेतली तर कलम १३(३ए) प्रमाणे बँकेने तिचा विचार करून मान्य नसेल तर १५ दिवसांत कारणांसकट उत्तर द्यायचं असतं. उत्तर न देता थेट ताबा नोटीस लावली असेल तर तो मुद्दा डीआरटीत पहिला घ्यायचा. आमच्याकडे वरून ताकीद असायची की हरकतीला उत्तर दिल्याशिवाय पुढचा कागद काढू नका, तरी शाखेत इनवर्डला पडून राहायचे अर्ज आणि वसुलीवाल्याला पत्ताच नसायचा.
आणि ते एखादा हप्ता भरत होतो म्हणालात त्याबद्दल. इथेच कितीतरी घरं फसतात. एकदा खातं एनपीए झालं की थकलेलं सगळं व्याज आणि मुद्दल भरल्याशिवाय ते परत सुरळीत होत नाही, रिझर्व्ह बँकेने २०२१ ला हे स्पष्ट केलंय. म्हणजे पाच हप्ते थकलेत आणि तुम्ही एक भरला तरी नोटीस येतेच. त्या एकेका हप्त्याऐवजी सगळी थकबाकी एकदम भरता आली असती तर गोष्ट इथवर आली नसती. तरी अजून शाखेत जाऊन थकबाकीचा नेमका आकडा लेखी मागा, अख्खं कर्ज नव्हे, फक्त थकलेलं, आणि ते भरून खातं नियमित करून मिळेल का हे पण लेखीच विचारा. तोंडी बोलणं काही कामाचं नाही.

तिसरा_मजला
मी या सगळ्यातून गेलेय म्हणून लिहिते. आमच्याकडे कलम १४ ची ऑर्डर झाली होती आणि आम्हाला तोवर कळलं नव्हतं कारण त्या टप्प्याला कर्जदाराला सुनावणी देत नाहीत. सकाळी साडेदहाला कमिशनर, दोन पोलीस, बँकेचे लोक आणि कुलूपवाला. मी कुकर लावला होता. सामानाची यादी करायला सुरुवात झाली, फ्रिज १, शिलाई मशीन १, गादी ३, आणि मला तेव्हा सुचेना की काय हातात घ्यायचं. शेवटी बाबांच्या गोळ्या, मुलीचे दाखले आणि गॅस बंद केला.
घर शेवटी वाचलं पण ते कसं तर लिलावाची जाहिरात पेपरात यायच्या आधी भावाने आणि काकांनी मिळून सगळी रक्कम उभी केली म्हणून. ताई, हे नीट लक्षात घ्या, कलम १३(८) २०१६ ला बदललंय. पूर्वी लिलाव पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं, आता लिलावाची जाहिरात प्रसिद्ध व्हायच्या आधीच खर्चासकट सगळी रक्कम भरावी लागते, सुप्रीम कोर्टानेही २०२३ ला बाफना मोटर्सच्या निकालात हेच धरलं. आमच्या ओळखीचे एक जण पैसे घेऊन लिलावाच्या आदल्या दिवशी गेले होते, बँकेने घेतले नाहीत.
म्हणून माझं म्हणणं असं की घर खरंच दुपटीचं असेल तर स्वतः विकायचा विचार पण मनात ठेवा. बँकेला लेखी कळवून, त्यांच्या संमतीने, चांगलं गिऱ्हाईक आणून विकलं तर भाव नीट येतो, लिलावात राखीव किमतीच्या आसपास जातं. लिलाव झालाच तर कर्ज आणि खर्च वजा जाऊन उरलेले पैसे तुमचे असतात, कलम १३(७), ते मागायला विसरू नका, आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.
आणि महत्त्वाची कागदपत्रं, औषधं, दागिने आत्ताच एका बॅगेत वेगळे ठेवा. पळून जायचं म्हणून नाही, पण त्या दिवशी डोकं चालत नाही. कोणी आलं तर ऑर्डरची प्रत मागा, ओळखपत्र बघा, पंचनाम्याची प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. आणि घर कुलूप लावून गावी जाऊ नका भीतीने, रिकामं घर ताब्यात घेणं त्यांना सोपं जातं.

काळा_कोट
तिसरा_मजला ताईंनी लिहिलंय ते खरं आहे, त्यात एवढंच जोडतो की विक्रीच्या आधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस लागते, सरफेसीच्या नियमांतला नियम ८(६), आणि मूल्यांकन मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून. ती नोटीस आली की पुन्हा वकिलाकडे जा, तो वेगळा टप्पा आहे आणि तिथेही हरकत घेता येते. घर वाचवायला एसए मध्ये नुसतं गरिबीचं गाऱ्हाणं मांडू नका, तारखा मांडा, १३(३ए) चं उत्तर नाही, रकमेचा हिशोब चुकीचा, नोटीस नीट बजावली की नाही, हे मांडा.

उंबरठा७९
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मिस्टर आणि मी दोघं शाखेत गेलो, थकबाकीचा आकडा मागणारा अर्ज देऊन शिक्का मारून घेतला, मॅनेजर आधी तोंडी सांगतो म्हणत होते पण आम्ही उभे राहिलो तिथेच. ४५ दिवसांची तारीख कॅलेंडरवर गोल केलीय, अजून ३६ दिवस आहेत. सोमवारी डीआरटी बघणाऱ्या वकिलांची वेळ मिळालीय, पाकीट, झेरॉक्स, पासबुक आणि पेपरचं कात्रण सगळं घेऊन जातोय. माझ्या भावाने काही रक्कम द्यायची तयारी दाखवलीय. रात्रीचे फोन मेल केल्यापासून बंद आहेत. दारावरच्या कागदाचे कोपरे उचकटलेत, तो काढू की राहू दे? काढला तर काही गुन्हा होतो का?

निवृत्त_कर्जखाते
राहू दे ताई, हात लावू नका. फक्त त्याचा तारखेसकट स्पष्ट फोटो काढून वकिलांना द्या, आणि सोमवारी काय झालं ते इथे लिहा.