गेममधला दम: खरा हवा की सोयीचा?

रोल-प्लेइंग गेम (एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) खेळणाऱ्यांनो, एक विचारायचंय. स्टॅमिनाची पट्टी, म्हणजे पात्रात किती दम उरलाय ते दाखवणारी पडद्यावरची रेघ, खरीखुरी असावी की सोयीची? गेमने तुम्हाला दम खायला लावला, तेव्हाचे अनुभव सांगा.

माझा 'मॉरोविंड'मधला (२००२). तिथे नुसतं पळालं तरी थकवा येतो, आणि थकलेल्या माणसाचे वार हुकतात. मला हे ठाऊक नव्हतं. धावतच गुहेत शिरले, समोर उंदीर. खंजीर त्याच्या अंगातून जाताना दिसतोय, लागत मात्र नाही! गेमच बिघडलाय असं वाटलं. कारण कळल्यावर गुहेच्या तोंडाशी थांबायची सवय लागली, आणि ते थांबणं आवडायलाही लागलं.

ठाण्याहून:
लेक झोपली की रात्री दहा ते अकरा, एवढाच वेळ माझा. 'डार्क सोल्स'मध्ये मेलं की पुन्हा तोच रस्ता, आणि रिकाम्या रस्त्यावरही पळताना पट्टी संपणार. 'एल्डन रिंग'मध्ये (२०२२) लढाई नसेल तर कितीही पळा, पट्टी हलत नाही. शत्रूने हेरलं की उतरायला लागते. मला हेच हवं होतं.

नाशिकहून:
'स्कायरिम'. सुरुवातीला ३०० वजन उचलता येतं. ड्रॅगनचं एकेक हाड १५ चं, मोह आवरेना. मर्यादा ओलांडली की पळणं बंद, फास्ट ट्रॅव्हलही (नकाशावरून थेट दुसऱ्या ठिकाणी पोचणं) बंद. व्हाइटरन शहरापर्यंत पाय ओढत गेलो. ३०० घेऊन धावणारा माणूस ३०१ ला लुळा पडतो, यात खरेपणा कुठला?

साताऱ्याहून:
मी उलट बाजूचा. 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) खेळून बघा. १४०३ सालचं बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं), लोहाराचा पोरगा हेन्री. वार करा नाहीतर अडवा, दम खर्च होतोच. तो संपला की घाव थेट जिवावर, आणि जखमी झालं की पट्टीच आखूड होते. रानवाटेवर दोन लुटारू आडवे आले. सपासप चार वार केले, पाचव्याला हात उचलेना. मेलो. शेवटचा सेव्ह (मेल्यावर खेळ जिथून पुन्हा सुरू होतो ती नोंद) तासाभरापूर्वीचा, तरी चिडलो नाही. मग गेममधल्या रट्टाय गावात, लढाई शिकवणाऱ्या बर्नार्डकडे तालीम केली: एक वार, दोन पावलं मागे, श्वास. कळसूबाईच्या शिड्यांवर पाठीला सॅक असताना मी हेच करतो, चार पायऱ्या चढायच्या आणि थांबायचं. दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मला माझं शरीर असं आठवलं नाही.

पुन्हा ठाण्याहून:
तुमचे लुटारू पटले. तिथे दम संपायलाच हवा. पण तासाभरापूर्वीचा सेव्ह? माझी त्या दिवसाची सगळी वेळ त्यात गेली असती.