टेम येथील कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा की शेजारच्या काउंटीतील ग्रामर शाळा?

प्रश्न

नमस्कार. आम्ही सध्या इंग्लंडमधील रीडिंगमध्ये राहतो. माझ्या यजमानांना ऑक्सफर्डच्या रुग्णालयात नोकरी मिळाल्यामुळे येत्या उन्हाळ्यात टेम या बाजारपेठेच्या गावी राहायला जाण्याचे ठरत आहे. मुलगी इयर फाइव्हमध्ये (प्रायमरीचे शेवटून दुसरे वर्ष) आहे आणि तिला गणिताची मनापासून ओढ आहे. टेममध्ये सरकारी माध्यमिक शाळा एकच आहे, लॉर्ड विल्यम्स स्कूल. ती कॉम्प्रिहेन्सिव्ह असल्यामुळे तिथे प्रवेशपरीक्षा नाही. मात्र गाव ऑक्सफर्डशरच्या अगदी कडेला असल्याने बकिंगहॅमशरमधील एल्सबरीच्या ग्रामर शाळाही, म्हणजे परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळाही, फार दूर नाहीत. रीडिंगमधील आमच्या ओळखीची बहुतेक कुटुंबे इयर फोरपासूनच इलेव्हन प्लसच्या, म्हणजे ग्रामर शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या, शिकवण्या लावतात आणि कॉम्प्रिहेन्सिव्हचे नाव काढले की काळजीच्या सुरात बोलतात. सर्व प्रकारची मुले ज्या शाळेत एकत्र शिकतात, तिथे वेगाने शिकणाऱ्या मुलीची गती खरोखरच खुंटते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1

त्या काळजीच्या सुराला इतिहासात फारसा आधार नाही, म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो. 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या परीक्षेवरून मुलांची वाटणी होऊ लागली. थोडी मुले ग्रामर शाळेत जात आणि बहुतेक सर्व सेकंडरी मॉडर्नमध्ये, म्हणजे निवड न झालेल्या मुलांच्या शाळेत. 1965 मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलँड यांच्या खात्याने 10/65 क्रमांकाचे परिपत्रक काढून ही वाटणी थांबवण्याची विनंती स्थानिक परिषदांना केली. ती विनंतीच होती, सक्ती नव्हती, त्यामुळे प्रत्येक काउंटीने आपापला मार्ग धरला. ऑक्सफर्डशरने निवड बंद केली, बकिंगहॅमशरने ती आजवर टिकवली, आणि तुमच्यासमोरचा पेच त्या फरकातून आला आहे.

लॉर्ड विल्यम्स ही मुळात ग्रामर शाळाच होती. तिची स्थापना 1559 मध्ये निधन पावलेल्या जॉन विल्यम्स यांच्या मृत्युपत्रातील देणगीतून झाली आणि पुढे पार्लमेंटचे नेते म्हणून गाजलेले जॉन हॅम्पडेन तिथे शिकले. 1971 मध्ये गावातील सेकंडरी मॉडर्न शाळा तिच्यात विलीन झाली आणि गावातील सगळ्या मुलांसाठी एकच शाळा झाली. मला स्वतःला ही घटना फार मोलाची वाटते, कारण ज्या मुलांना अकराव्या वर्षी एका परीक्षेने बाजूला काढले असते, त्यांनाही तेच शिक्षक आणि त्याच प्रयोगशाळा मिळू लागल्या.

प्रतिसाद 2

मी इंग्लंडमधील अशाच एका बाजारपेठेच्या गावातील कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत गणित शिकवते. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

सर्व मुले एका शाळेत असतात याचा अर्थ ती पाच वर्षे प्रत्येक तासाला एकाच वर्गात बसतात असा नाही. सकाळी हजेरीला मुले फॉर्म ट्यूटरच्या (वर्गशिक्षकाच्या) मिश्र गटात असतात आणि कला, नाट्य, व्यायाम यांसारखे विषयही बहुधा मिश्र गटात होतात. गणितात मात्र बहुतेक शाळा इयर सेव्हनमध्ये (माध्यमिकच्या पहिल्या वर्षी) किंवा त्यानंतर लवकरच क्षमतेनुसार सेट, म्हणजे वेगळे गट, करतात. आमच्याकडे पहिले काही महिने वर्ग मिश्र असतो आणि तेव्हाही वेगवान मुलांना रिकामे बसावे लागत नाही. उदाहरणार्थ, 5, 8, 11, 14 ही संख्यामाला फळ्यावर लिहिली की वर्गातील काही मुले पुढची संख्या शोधतात, काही 3n + 2 हे सूत्र मांडतात, आणि ज्यांचे ते चटकन होते त्यांना मी विचारते की या मालेत एकही वर्गसंख्या का सापडत नाही. कोणत्याही वर्गसंख्येला 3 ने भागले की बाकी 0 किंवा 1 उरते, 2 कधीच उरत नाही, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलीने स्वतः शोधून काढले की तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो. अशा मुलीला वेगळ्या इमारतीत नेण्याची गरज नसते. तिला असा प्रश्न देणारे शिक्षक मिळणे महत्त्वाचे आहे.

काळजीपूर्वक पाहण्याची गोष्ट वेगळीच आहे. जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला, गणिताच्या दोन पातळ्या असतात. फाउंडेशन पातळीवर पेपर कितीही उत्तम लिहिला तरी 5 च्या वरची श्रेणी मिळत नाही; 9 पर्यंतच्या श्रेणी फक्त हायर पातळीवर मिळतात. म्हणून सेट कशाच्या आधारे ठरतात, वर्षातून किती वेळा बदलतात आणि खालच्या सेटमधून वर जाण्याची वाट खरोखर खुली आहे का, हे शाळेला स्पष्ट विचारावे. ज्या शाळेत सेट एकदा ठरले की ते कायमचे, तिथे अकराव्या वर्षीची जुनी वाटणीच आतल्या दाराने परत आलेली असते, आणि हे मला शिक्षक म्हणून अजिबात मान्य नाही. सिक्स्थ फॉर्ममध्ये (जीसीएसईनंतरची दोन वर्षे) फर्दर मॅथ्सचा, म्हणजे जादा प्रगत गणिताचा, वर्ग दरवर्षी भरतो का, हेही विचारून घ्या.

प्रतिसाद 3

प्रवेशाच्या व्यावहारिक बाजूबद्दल लिहितो, कारण तारखा चुकल्या की बाकीची चर्चा व्यर्थ ठरते. माध्यमिक शाळेचा अर्ज आपण ज्या परिषदेच्या हद्दीत राहतो तिच्याकडे 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो आणि 1 मार्चच्या सुमारास शाळा कळते. बकिंगहॅमशरच्या ग्रामर शाळांची परीक्षा इयर सिक्सच्या (प्रायमरीच्या शेवटच्या वर्षाच्या) सुरुवातीला सप्टेंबरमध्ये होते. बाहेरच्या काउंटीतील मुलांची नावनोंदणी पालकांना स्वतःहून त्याआधीच करावी लागते. परीक्षेत 121 गुण मिळाले म्हणजे मुलगी पात्र ठरली इतकेच. जागा मिळेलच असे नाही, कारण त्यानंतर शाळेचे क्षेत्र आणि घरापासूनचे अंतर पाहिले जाते.

प्रवासाचाही विचार करावा. घरापासून तीन मैलांहून लांब असलेल्या शाळेसाठी या वयात मोफत वाहन मिळते, पण साधारणपणे ती सर्वांत जवळची योग्य शाळा असेल तरच. टेममध्ये राहून एल्सबरीची शाळा निवडली तर बसचा खर्च बहुधा तुमच्यावर येईल. माझी मुले खेड्यातून गावातल्या शाळेत शाळेच्या बसने जात असत. नाटकाची तालीम किंवा हॉकीचा सराव असला की ती बस चुकायची आणि कोणीतरी गाडी घेऊन जावे लागायचे. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घर असणे ही केवढी सोय आहे, ते तेव्हा कळले.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सेट आणि पातळ्यांबद्दल मला काहीच कल्पना नव्हती. आणखी एक शंका आहे. दोन्ही प्रकारच्या शाळांची तुलना करताना निकालाच्या तक्त्यातील कोणता आकडा पाहावा?

प्रतिसाद 2

ग्रामर शाळा निवडूनच मुले घेते, त्यामुळे तिची अंतिम श्रेणी उंच असणारच. तेवढ्यावरून शिकवण्याबद्दल काही ठरवता येत नाही. प्रायमरीच्या शेवटी मूल कुठे होते आणि आठ विषयांत ते कुठवर आले, हे दाखवणारा प्रोग्रेस 8 हा आकडा अधिक न्याय्य आहे. मात्र कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये इयर सिक्सच्या परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून 2025 आणि 2026 च्या जीसीएसई निकालांसाठी तो काढता येत नाही. तोवर त्याआधीच्या तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहा आणि आधी अवघड वाटणाऱ्या विषयात प्रगती केलेल्या मुलांचे निकाल कसे आहेत, ते गणित विभागाच्या प्रमुखांना विचारा. शाळा दाखवण्याची संध्याकाळ बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. मुलीला सोबत न्या आणि वर्गातल्या मुलांशी तिला स्वतःला बोलू द्या.