मदत हवी आहे: स्पेनमध्ये बाबांच्या साठीला खिशाला परवडेल असं अस्सल प्रादेशिक जेवण

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबांना साठ वर्षं पूर्ण होतायत आणि नेमके तेव्हा आम्ही सगळे स्पेनमध्ये असणार आहोत. एका रात्रीचं जेवण झकास व्हायला हवं. टुरिस्टांसाठी मांडलेला बाजार नको. स्पेनच्या एखाद्या प्रांताचं, तिथली माणसं खातात तसं जेवण हवं. माणशी ३५ युरोच्या वर जायचं नाही. नुसती परीक्षणं वाचत बसलोय. एक म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो लुबाडलं. डोकं भणभणलंय. कृपया नेमकं नाव सांगा, टेबल लवकर बुक करायचंय.

पिंपळपान:
शहर कुठलं? माणसं किती? महिना कुठला? सगळे मांसाहारी आहात का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रावसाहेब_पुणे:
डोळे मिटून सेगोव्हिया गाठा. माद्रिदच्या चामार्तिन स्टेशनवरून वेगवान गाडीने अर्धा तास. रोमन जलवाहिनीच्या कमानींखालीच 'मेसोन दे कान्दिदो' आहे. तिथे कोचिनियो, म्हणजे दूध पितं डुकराचं पिल्लू, लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि सुरीऐवजी ताटलीच्या कडेने कापून दाखवतात. मांस इतकं मऊ असतं. नंतर ती ताटली जमिनीवर आपटून फोडतात. वडिलांना आयुष्यभर लक्षात राहील.

चटकचांदणी:
स्पेनचा व्हिसा काढताना प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं आणि ते अख्ख्या शेंगेन भागात चालायला हवं. आईवडिलांचा विमा आधी बघून घ्या. बऱ्याच जणांचं तिथेच अडतं.

गोदाकाठ:
व्हिसे झालेत, धन्यवाद. शहर माद्रिदच हो, दुसरीकडे जाणार नाही आहोत. पाच जण: आईबाबा, दादा-वहिनी, मी. मी आइंडहोवनहून येतोय, बाकीचे भारतातून. बाबांना मासे प्राणप्रिय, मूळचे वेंगुर्ल्याचे आहेत. डुक्कर आणि बीफ आमच्यात कोणी खात नाही, त्यामुळे सेगोव्हिया नको. आता नाव सांगा.

तिरफळ:
मग प्रश्नच मिटला. गालिथियन जेवण करा. वेंगुर्ल्याच्या माणसाला स्पेनमध्ये गालिथियासारखं दुसरं माहेर नाही. वायव्येचा कोपरा, पाऊस, खाड्या, मच्छीमारांची गावं. माद्रिदला समुद्र नाही, पण तिथला मासळीचा घाऊक बाजार युरोपातल्या मोठ्यांपैकी आहे आणि गालिथियाचा माल रोज उतरतो. माद्रिदमध्ये गालिथियन माणसंही पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे त्यांच्या खाणावळी साध्या आणि माफक असतात. हुएर्तास भागातलं 'मासेइरास' बघा. लाकडी टेबलं, आरडाओरडा, भरपूर जेवण.

मागवायचं काय ते सांगतो. पुल्पो आ फेइरा: उकडलेला ऑक्टोपस कात्रीने कापून लाकडी ताटलीत येतो, खाली बटाट्याचे काप, वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि पिमेंतोन, म्हणजे लाल मिरचीची पूड. ऑक्टोपस रबरासारखा लागत असेल तर जागा चुकली असं समजायचं. मग मेखियोनेस म्हणजे आपले शिणाणे, आल्मेखास म्हणजे तिसऱ्या, आणि शेवटी एखादा अख्खा मासा. सोबत रिबेइरो वाईन मागवली तर जुन्या पद्धतीच्या ठिकाणी पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीतून देतात.

सांजवात:
तिरफळ, ३५ युरोत अख्खा मासा बसवून दाखवा. त्यांच्या खाणावळीत मेनूवर काही पदार्थांपुढे आकडाच नसतो, 'सेगून मेर्कादो' लिहिलेलं असतं, म्हणजे बाजारभावाप्रमाणे. मासा वजनावर लावतात. आम्ही न विचारता एक मासा सांगितला आणि बिल बघून नवऱ्याचा चेहरा उतरला. गोदाकाठ, जे काही किलोवर असेल त्याचा भाव आधी विचारा आणि त्या माशाचं वजनही विचारा.

तिरफळ:
अख्खा मासा नका घेऊ मग. पाच जणांत ऑक्टोपसच्या दोन रासिओन (साधारण २० ते २५ युरोला एक), शिणाण्यांची एक, तिसऱ्यांची एक, तळलेली माकुलं एक. बसतंय की आरामात. रासिओन म्हणजे वाटून खायची मोठी ताटली. अर्धी हवी असेल तर 'मेदिया रासिओन' म्हणायचं.

अबोली:
मी वालेन्सियाला राहिले आहे म्हणून सांगते, साठीच्या जेवणाला पाएया, म्हणजे वालेन्सियाचा कढईतला भातच हवा. मधोमध एवढी मोठी पसरट कढई, भोवती घरची माणसं, याला तोड नाही. मात्र बाहेर पिवळ्या भाताचे रंगीत फोटो लावलेले दिसले की त्या दारात शिरू नका, गोठवलेला भात गरम करून देतात. अस्सल वालेन्सियन पाएयात कोळंबी नसतेच. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचे पांढरे मोठे पावटे. बुडाला लागलेली खमंग खरपुडी, सोकारात, ती बाबांना वाढायची.

रावसाहेब_पुणे:
अबोलीताई, ते रात्रीचं जेवण म्हणतायत. पाएया दुपारी खातात. रात्री पाएया मागणारा टुरिस्टच.

अबोली:
म्हणूनच मी सांगणार होते की दुपारी जा. आणि रावसाहेब, ते डुक्कर खात नाहीत हे आधी विचारलं असतंत तर ताटली फोडावी लागली नसती.

पिंपळपान:
माझे दोन प्रश्न अजून तसेच आहेत. महिना कुठला आणि वार कुठला? पाचही जण मांसाहारी का?

गोदाकाठ:
ऑगस्टचा तिसरा आठवडा, रविवार. आई शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. पण ती काहीतरी सॅलड वगैरे खाईल, तिचं काही नसतं.

पिंपळपान:
तिचं काही नसतं असं कसं? साठी बाबांची असली तरी टेबलाशी तीही बसणार आहे. आणि नेमकं सॅलडच तिच्या कामाचं नाही: 'एन्सालादा मिक्स्ता' मागवलं की वर ट्यूना घालून येतो, बऱ्याचदा अंडंही.

आता दिवसाचं. ऑगस्टमध्ये माद्रिदची घरगुती रेस्तराँ सरळ कुलूप लावून गावी जातात, दोन-तीन आठवडे किंवा महिनाभर. रविवारी रात्री तर एरवीही कितीतरी जुनी ठिकाणं बंद असतात, कारण त्यांचं मोठं जेवण रविवारी दुपारी असतं. आजी-आजोबा, नातवंडं सगळी तेव्हाच बाहेर पडतात. तुम्ही निवडलेली वेळच सगळ्यात अवघड आहे. दुपारी दोनचं टेबल घ्या. स्वयंपाकघर चारच्या सुमारास बंद होतं, त्यामुळे निवांत दोन तास मिळतात. नाव कुठलंही ठरवा, आधी फोन करून त्या तारखेला उघडे आहात का एवढं विचारा. नेटवरची वेळ ऑगस्टपुरती धरून चालू नका.

हिशेबनीस:
दुपारचंच करणार असाल तर 'मेनू देल दिया' घ्या. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, माद्रिदमध्ये साधारण १३ ते १८ युरो. हुकूमशहा फ्रांकोच्या काळात, १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारनेच ही पद्धत सुरू करायला लावली होती. निम्म्या पैशात काम होईल.

सांजवात:
रविवारी मेनू देल दिया बहुतेक ठिकाणी नसतो हो. ती सोय कामाच्या दिवसांची. रविवारी असलाच तर वेगळा, महागाचा. आणि साठीला ऑफिसच्या मधल्या सुट्टीतलं जेवण कशाला?

हिशेबनीस:
मग 'कासा मिंगो'. १८८८ पासूनचं आस्तुरियन, म्हणजे उत्तर स्पेनच्या आस्तुरिया प्रांताचं ठिकाण, प्रिन्सिपे पिओ स्टेशनपासून चालत. भाजलेली कोंबडी, काब्रालेस चीज आणि सिद्रा, म्हणजे आस्तुरियाची सफरचंदाची दारू. आस्तुरियन पद्धतीत बाटली डोक्याच्या वर धरतात, पेला मांडीपाशी, आणि वरून बारीक धार सोडतात. धार पेल्याच्या कडेवर आपटली की फेस येतो, तो बसायच्या आत एका घोटात प्यायची. या सिद्रा संस्कृतीची २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. पाच जणांचं बिल बजेटच्या पुष्कळ खाली राहतं. शेजारीच सान आन्तोनियोचं छोटं चर्च आहे, त्याच्या घुमटावर चित्रकार गोयाची भित्तिचित्रं आहेत आणि गोयाचं दफनही तिथेच.

तिरफळ:
वेंगुर्ल्याच्या माणसाला माद्रिदपर्यंत नेऊन कोंबडी खायला घालणार?

हिशेबनीस:
खिशाचा प्रश्न त्यांनी विचारलाय, मी खिशाचं उत्तर दिलं. बाकी आस्तुरियन ठिकाणी 'काचोपो' मात्र मागवू नका, मोठा आणि आकर्षक दिसतो पण आत वासराचं मांस आणि हॅम असतं.

चटकचांदणी:
लावापिएस भागात भारतीय हॉटेलांची रांगच आहे. आईंची सोय तिथे होईल. पनीर, डाळ, सगळं मिळतं.

गोदाकाठ:
भारतीय नको हो, धाग्याचं नाव वाचा. पिंपळपान, दुपारचं पटतंय. दादाशी बोलतो. पण आईचं काय ते कुणीतरी नीट सांगा, आता मलाच काळजी वाटायला लागली.

सांजवात:
मी शाकाहारी आहे, मी सांगते. तिथे 'मांस नको' म्हटलं की हॅम हे मांसात धरत नाहीत असा अनुभव येतो. हिरव्या शेंगांची भाजी मागवली तर वर हॅमचे तुकडे, मसुरात चोरिसो म्हणजे डुकराचं सॉसेज, साल्मोरेखो या थंड टोमॅटो सारावर अंडं आणि हॅम. 'काल्दो गायेगो' हे पालेभाजीचं सार, पण त्यात डुकराची चरबी असते. म्हणून यादी करून सांगायची. हे वाक्य कागदावर लिहून घ्या आणि वेटरच्या हातात द्या: 'मि माद्रे एस बेखेतारियाना. नो कोमे कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन, नि आतून, नि वेवो.' मांस, मासे, हॅम, ट्यूना, अंडं सगळं आलं.

गालिथियन ठिकाणी आईंसाठी: पिमिएन्तोस दे पाद्रोन, म्हणजे तळून जाडं मीठ भुरभुरलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या. एखादीच तिखट निघते, बाकी गोड. कुणाच्या वाट्याला तिखट येते यावर सगळं टेबल खेळतं. मग ऑक्टोपसशिवायचे नुसते बटाटे, तेल आणि पिमेंतोन घालून. 'पारियादा दे बेर्दुरास', भाजलेल्या भाज्यांची मोठी ताटली. पाव तर उत्तमच असतो. तार्ता दे सान्तियागो हा बदामाचा केक मात्र अंड्याचा, तो नाही.

पिंपळपान:
मिरच्या कुठल्या तेलात तळतात तेही विचारा. माकुलं त्याच तेलात तळत असतील तर आईंना चालेल का?

सांजवात:
बरोबर, ते राहिलं. आणि चीजमध्ये बहुतेकदा दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. एक्स्त्रेमादुराचं तोर्ता देल कासार मात्र काटेरी रानफुलाच्या अर्काने विरजतात. बाजारातून एक गोल आणून खोलीवर ठेवा, वरची चकती कापली की आत चमच्याने घ्यायचं चीज. आईंना आवडेल.

अबोली:
भाज्यांचा भात हा अजून एक मार्ग आहे, 'आरोस दे बेर्दुरास'. पण रस्सा कशाचा ते विचारा, मासळीचा निघतो. आणि भात बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठी करतात, मेनूवर दिलेला भाव मात्र माणशी असतो.

रावसाहेब_पुणे:
अवांतर: मिरची, टोमॅटो, बटाटा हे सगळं अमेरिकेतून स्पेन-पोर्तुगालच्या जहाजांनी जगभर गेलं. मिरची आपल्याकडे गोव्यातूनच पसरली. गोव्याचं शोरीस आणि स्पेनचं चोरिसो एकाच घराण्यातलं. वडिलांशी बोलायला विषय होईल.

तिरफळ:
एक महत्त्वाचं. ऑगस्टचा तिसरा आठवडा म्हणजे श्रावण की! बाबा पाळतात का? पाळत असतील तर आपण सगळे उगाच ऑक्टोपस कापतोय.

गोदाकाठ:
घरी फोन केला. बाबा फक्त सोमवार पाळतात, रविवार मोकळा आहे. आईच्या यादीत चीज बाद, तळलेल्या मिरच्या वेगळ्या तेलात असतील तरच. ती म्हणाली, भाजलेल्या भाज्या आणि पाव असला की मला पुरे, पण ते आधी कळवून ठेव.

दुपारी दोनचं ठरलं. तिरफळ यांनी सांगितलेल्या ठिकाणी उद्या फोन करून ऑगस्टचं विचारतो. बंद असेल तर? दुसरं गालिथियन शोधायचं कसं? परत परीक्षणांच्या जंगलात शिरायचं नाही मला.

पिंपळपान:
परीक्षणं सोडा, मेनू बघा. पुल्पो, लाकोन (डुकराचं मांस), एम्पानादा (सारण भरलेला पाव), रिबेइरो किंवा आल्बारिन्यो वाईन हे सगळं असेल आणि शेजारी पाएया, सांग्रिया, पिझ्झा नसेल तर ते घर एका प्रांताचं आहे. मेनू आधी स्पॅनिशमध्ये आणि छोटा असावा. प्लासा मायोर या टुरिस्टांच्या चौकातली, कमानींखालची टेबलं टाळा. बाहेर अंगणात बसलं तर काही ठिकाणी वेगळा भाव असतो, ऑगस्टच्या दुपारी तसंही आतच बसा. पावाचे थोडे पैसे लागतात, बक्षिसी सक्तीची नाही.

अजून एक, 'कासा रेखिओनाल' शोधा. माद्रिदमध्ये एकेका प्रांताच्या लोकांची मंडळं आहेत, काहींची स्वतःची जेवणघरं आहेत आणि बाहेरच्यांनाही चालतात. दिल्लीत आंध्र भवनात जेवायला जातात ना, तसंच. ऑगस्टमध्ये तीही बंद असू शकतात, पण फोन करायला काय जातं.

तिरफळ:
केक स्वतःचा नेणार असाल तर फोनवर तेही विचारून घ्या. बिनअंड्याचा केक माद्रिदमध्ये व्हेगन बेकरीत मिळतो. आणि ऑक्टोपस कसा लागला बाबांना, ते इथे येऊन लिहा.

मोरपीस७:
याच धाग्यात विचारते, बार्सिलोनाला नोव्हेंबरात सहा जणांसाठी असंच काही सुचवाल का? बजेट थोडं जास्त आहे.

पिंपळपान:
शाकाहारी किती? आणि वार कुठला?