मदत हवी आहे : फारुकी खानदेशच्या खेळात जकातीचं गणित बसत नाही

मंडळी, १६०० च्या सुमाराच्या, फारुकी सुलतानांच्या खानदेशावर स्ट्रॅटेजी रोल-प्लेइंग गेम बांधतोय. एक फेरी म्हणजे एक हंगाम. सुरत–बुऱ्हाणपूर–आग्रा वाटेची जकात दर फेरीला २० नाणी, तापीकाठच्या परगण्याचा शेतसारा ८. त्यामुळे बुऱ्हाणपूर ज्याच्या हाती, तो पाचव्या फेरीतच सगळ्यांना भारी पडतो. जकात १० वर आणली तर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या शिबंदीचा (किल्ल्यावरच्या शिपायांचा) पगार निघत नाही आणि किल्ला वेढ्याशिवायच पडतो. हे फारच खटकतं, कारण १६०१ मध्ये तो अकबराला मिळाला तो लांबलेल्या वेढ्यानंतर.

आता जहागीरदारांची निष्ठा ० ते १०० ठेवायची, ४० च्या खाली गेली की त्यांनी सारा अडवायचा, असा विचार आहे. निष्ठा कशावर घटवावी, थकलेल्या पगारावर की दरबारातल्या मानावर? दोन्ही धरलं तर हिशेब कागदावर झेपेल का?