दोन भाषा आयत्या मिळाल्या, तिसरी का येईना?

घुटमळ:
आई कन्नड, बाबा मराठी. दोन्ही भाषा मला कधी शिकाव्या लागल्या नाहीत. आईशी कन्नड, बाबांशी मराठी, भांडताना जी आधी तोंडात येईल ती. 'तुला काय, भाषा पटापट येतील' हे लहानपणापासून ऐकत आलोय. आता ३४व्या वर्षी जर्मन शिकतोय. घरी एकच भाषा असलेले पुढे गेले, मी अजून डेर-डी-डासमध्ये (नामाआधी लागणारे लिंग दाखवणारे शब्द) अडकलोय. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी (मेडशेन) चक्क नपुंसकलिंगी! घरी चुकलं तर कोणी हसत नव्हतं. वर्गात तोंडच उघडत नाही. दोन भाषांत वाढल्याचा फायदा म्हणतात तो असतो कुठे?

कानामात्रा:
नपुंसकलिंगी मुलगी खटकते? मग आपलं 'पोरगं' काय आहे? भिंत ती का आणि दार ते का, सांगा बरं. तीन लिंगं तुमच्याकडे आहेतच, फक्त पाठ करावी लागली नाहीत. आता करा. नुसतं 'झोने' (सूर्य) नको, 'डी झोने' असाच शब्द पाठ करायचा. आणि 'वाइल' (म्हणजे 'कारण') आलं की क्रियापद शेवटी जातं, तिथे बाकीचे रडतात. तुमच्या दोन्ही भाषांत ते शेवटीच असतं!

उशिराची गाडी:
फायद्याचं फार मनावर घेऊ नका. १९८४ साली वर्कर आणि टीज या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेकांना फरक कळत होता, वर्षाच्या आत तो कळेनासा झाला. कान तयार होतो तो रोज ऐकलेल्या भाषांपुरता. ओठ 'उ'चे करून 'ई' म्हणायचा तो जर्मन स्वर तुमच्या आईकडेही नव्हता आणि बाबांकडेही. तिथे तुम्ही आणि आम्ही सारखेच.

घुटमळ:
दोघांचे आभार. एक दुरुस्ती. घरी कोणी हसत नव्हतं हे खोटं आहे, मी हसायचो. आई मराठी शिकली लग्नानंतर. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळे ती अजूनही 'भिंत पडलं' म्हणते. शाळेत ती आली की मला वाटायचं, हिने गप्प बसावं. काल फोनवर विचारलं, चुकायची भीती नाही वाटायची? मुद्दाम मराठीत विचारलं. म्हणाली, "भीती वाटायचं की. पण तुझ्या बाईंशी दुसरं कोण बोलणार होतं?"