एम.ए., एम.एस्सी.साठी पुणे विद्यापीठाचा विभाग की संलग्न कॉलेज?

गणेशखिंडकर

निकाल लागले की दरवर्षी हा प्रश्न येतो. पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या विभागात घ्यावं, की फर्ग्युसन, एस.पी.सारख्या कॉलेजातच पुढे जावं? पदवीवर नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच येणार, मग प्रवेश परीक्षेचा खटाटोप कशाला, असं म्हणणारे बरेच भेटतात. माझं मत ठाम आहे. विभागात नंबर लागत असेल तर तो सोडू नये.

कारण ती देखणी मुख्य इमारत नव्हे. कॅम्पस बघायला आलेली मंडळी तिच्यासमोर फोटो काढतात आणि तिथेच विरघळतात. मुळात ती मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळ्यातली कोठी. १८६४ मध्ये बार्टल फ्रिअरने काम काढलं तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८७१ मध्ये इमारत पुरी झाली तोवर भाव कोसळला होता आणि फ्रिअरही निघून गेला होता. विद्यापीठ स्थापन झालं ते १० फेब्रुवारी १९४९ रोजी. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. कचेरी आधी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निझाम गेस्ट हाउसमध्ये होती, मग बाळासाहेब खेरांच्या सरकारने दिलेल्या ४११ एकरांत आली.

खरी गोष्ट पुढेच आहे. या ४११ एकरांत १९८८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. शेजारी रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना चालवणारी मंडळी. पेशीविज्ञानाची एनसीसीएस इथेच, संगणक संशोधनाची सीडॅकही इथेच. भौतिकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्याला चालत जाऊन संशोधकाचं दार ठोठावता येतं, व्याख्यानाला मागच्या बाकावर बसता येतं. हे शेजारपण कॉलेजात कुठून आणणार?

बिनसाखरेचा चहा

असहमत, आणि जोरदार. तुम्ही मोजलेल्या चारपैकी एकही संस्था विद्यापीठाची नाही. आयुका यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) स्वायत्त संस्था, एनसीआरए मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा भाग, एनसीसीएस आणि सीडॅक केंद्र सरकारच्या. विद्यापीठाने जागा दिली, त्याचं श्रेय जरूर द्या. पण शेजाऱ्याची श्रीमंती आपल्या नावावर लावू नका. आयुकाचे सुट्टीतले प्रकल्प देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. लातूरच्या कॉलेजातला पोरगाही अर्ज करतो आणि निवडला जातो. भिंतीला लागून बसल्याचे जादा गुण मिळत नाहीत.

विभागाचं स्वतःचं काय, ते बोला. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या यादीत २०२४ मध्ये विद्यापीठ गटात २३ वा क्रमांक होता, २०२५ मध्ये ५६ वा. राज्य विद्यापीठांत तिसऱ्यावरून अकराव्यावर. प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि तासिका कंत्राटी माणसांवर, ही बातमी पुणेकरांना नवी नाही. दोन वर्षांत विद्यार्थ्याला शिकवणार कोण, हा पहिला प्रश्न. झाडं, दगडी इमारत आणि शेजारी हे त्यानंतर.

उपहासराव

जयकर ग्रंथालयात बघा, एम.एस्सी.चे विद्यार्थी कमी आणि एमपीएससीचे जास्त दिसतील. कॅम्पसचा सर्वात यशस्वी विभाग तोच, आणि त्याला प्रवेश परीक्षाही नाही.

नगरची प्राजक्ता

उपहासराव, हसले, पण त्या एमपीएससीवाल्यांत माझ्या वर्गातलेही होते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

या चर्चेत पैशाचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहिते. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या मुलीला पुण्यात राहायचं म्हणजे खोलीभाडं हाच मोठा खर्च. विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं, रिफेक्टरीत, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात, जेवण आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना. ग्रंथालयात पुस्तकं लावायची, विभागात कचेरीचं काम करायचं, त्यातून महिन्याचा वरखर्च निघायचा. वडिलांकडे पैसे मागायला फोन करावा लागला नाही. कमवा व शिका कॉलेजांतही असते, मान्य. पण राहणं, जेवण, काम आणि रात्री उशिरापर्यंत वाचायला जागा एकाच आवारात असणं वेगळं. शहरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी बस आणि शेअर रिक्षातच अर्धा दिवस घालवायच्या.

क्रमवारीबद्दल एवढंच की, ती बघून निवड करणाऱ्याला पर्याय असतात. आम्हाला नव्हते.

इतिहासवेडा

अवांतर होईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच गव्हर्नरच्या कोठीवरून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी उरकून निघाला होता. चापेकर बंधूंनी त्याला गाठलं ते गणेशखिंड रस्त्यावर. त्याच्याही आधी ५ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रज आणि पेशव्यांची खडकीची लढाई झाली ती याच माळावर, आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून बघत होते. आज त्याच माळावर विद्यापीठ आहे आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाईंचं नाव आहे. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात हे कुणीतरी सांगायला हवं.

बिनसाखरेचा चहा

सांगा की. पण रँडला कुठे गोळी लागली हे कळल्याने क्वांटम मेकॅनिक्सचा तास होत नाही.

@प्राजक्ता, तुमचा मुद्दा माझ्याविरुद्ध जातो आणि तो भक्कम आहे. ज्याला वसतिगृह मिळतं त्याने विभाग घ्यावा, हे मानतो. पण वसतिगृहाच्या जागा मर्यादित आहेत. यादीत नाव न लागलेल्याला खडकी नाहीतर औंधमध्ये खोलीच शोधावी लागते, आणि मग हिशेब पुन्हा शहरातल्या कॉलेजाच्या बाजूला झुकतो.

रंगमंचाआड

दोघेही फक्त विज्ञानाचंच बोलताय. विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं. नाटककार सतीश आळेकर बरीच वर्षं तिथे संचालक होते. नाटक, नृत्य, संगीत पदवीपासून पदव्युत्तरपर्यंत शिकवणारं एकही संलग्न कॉलेज मला दाखवून द्या. स्त्री अभ्यास केंद्र, पाली, मानवशास्त्र यांचंही बऱ्याच अंशी तेच. अशा विषयांत 'विभाग की कॉलेज' हा प्रश्नच पडत नाही.

गणेशखिंडकर

@बिनसाखरेचा, शेजाऱ्याची श्रीमंती म्हणालात ते ठीक. पण सुट्टीतला प्रकल्प एकदाच मिळतो, शेजार दोन वर्षं असतो. लातूरचा मुलगा अर्ज करतो तेव्हा त्याला आयुकातल्या कुणाचंही काम आधी माहीत नसतं. इथला मुलगा वर्षभर व्याख्यानं ऐकून, कुणाचं काम आपल्याला पटतं ते ठरवून मग अर्ज करतो. फरक तिथे पडतो.

रिक्त जागांवर मात्र वाद घालणार नाही, ती खरीच दुखरी नस आहे. फक्त क्रमवारी आणि रिक्त जागा हे दोन वेगळे पुरावे म्हणून मांडू नका. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण क्रमवारीतच मोजलं जातं. एकाच गोष्टीचे दोनदा गुण कापताय.

डेक्कन क्वीन

पुण्यात शिकायचं म्हणजे विद्यापीठात किंवा त्याच्या कॉलेजातच, असं दोघांनीही गृहीत धरलंय. पुरातत्त्व करायचं असेल तर येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांची परंपरा तिथे आहे. अर्थशास्त्राला १९३० पासूनची गोखले संस्था. शुद्ध विज्ञानाला पाषाणला आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण संस्था. या तिन्ही ठिकाणी पदवी वेगळी, प्रवेश वेगळा. विद्यापीठाचा अर्ज भरताना हेही अर्ज भरा. नंतर 'कळलंच नाही' म्हणणारी बरीच मुलं पाहिलीत.

नंदुरबारचा सागर

सगळं वाचलं. मी बी.एस्सी. रसायनशास्त्र, जळगावच्या विद्यापीठाचा. आमचा भाग १९९० पर्यंत पुणे विद्यापीठातच होता, असं आमचे सर सांगतात. विभागाची प्रवेश परीक्षा दिली आहे, निकाल यायचाय. फर्ग्युसनलाही अर्ज केलाय. दोन्हीकडे नंबर लागला तर?

बिनसाखरेचा चहा

सागर, प्रवेश पक्का करण्याआधी कामाच्या दिवशी दोन्ही ठिकाणी जा. कार्यालयात विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठ. कायम शिक्षक किती, प्रयोगशाळेतली कुठली यंत्रं प्रत्यक्षात चालू आहेत, मागच्या बॅचचे प्रकल्प कुठे झाले, एवढं विचार. वसतिगृहाची यादी कधी लागते तेही.

गणेशखिंडकर

आणि त्या मुलांना हेही विचार, की त्यातले किती जण प्रकल्पासाठी एनसीएलला, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, गेले. पाषाण रस्त्याने ती जवळच आहे. रसायनशास्त्रवाल्याला त्या उत्तरावरून पुष्कळ कळेल.

बिनसाखरेचा चहा

पुन्हा शेजारी!